भाऊ, भुरी आणि तिसरा माणूस : प्रकल्प नोंदी

२ जून : भुरी येण्याआधी

धाकट्या भावाच्या गाडीला अपघात झाला त्याला दीड वर्ष होऊन गेलं. हाडं जुळली. झोप जुळली नाही. रात्री ओरडून उठतो, ब्रेकचा करकरीत आवाज आला की जागच्या जागी गोठतो, कुठेही गेला तरी पाठीला भिंत आणि समोर दार असेल तिथेच बसतो. निदान पीटीएसडीचं आहे, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनात घर करून राहणाऱ्या आघाताचं. थेरपी आणि गोळ्या दोन्ही चालू आहेत.

शेल्टरमधून कुत्रं आणायची कल्पना त्याचीच. थेरपिस्टची हरकत नाही, मात्र थेरपीचं एकही सत्र यापायी चुकता कामा नये ही अट. नोंदी मी ठेवणार, त्याच्या परवानगीने. तो वाचेल आणि नको वाटेल ते खोडेल.

आज एकच काम केलं. कुत्रं परत करायची वेळ आली तर ती ओळखायची कशी, हे कागदावर लिहिलं. नंतर जीव गुंतला की असले निर्णय होत नाहीत. तीन अटी लिहिल्या. चावून रक्त काढलं तर. भावाची झोप सलग दोन आठवडे आहे त्याहून बिघडली तर. आणि आपल्या घरात कुत्र्याचीच तब्येत ढासळत गेली तर. तिसरी अट भावाने घातली. कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय.

१५ जून : निवड

पिल्लू नको हे आधीच ठरलं होतं. पिल्लू रात्री उठवतं आणि या घरात झोपेची आधीच बोंब आहे. दोन-तीन वर्षांचं कुत्रं बरं, स्वभाव बराचसा दिसतो.

भावाला पहिल्यांदा आवडला तो एक तरणाबांड, उड्या मारणारा, चेहरा चाटणारा. तो मागून येऊन अंगावर चढला आणि भाऊ पांढराफटक पडला. तो तिथेच बाद. बिचाऱ्याला दुसरं चांगलं घर मिळेल.

शेल्टरमधल्या बाई अनुभवी होत्या. म्हणाल्या, दचकतं का हे बघू नका, दचकून किती वेळात सावरतं ते बघा. त्यांनी लांबून एक रिकामं भांडं पाडलं. एक कुत्रा कोपऱ्यात घुसला तो आम्ही निघेपर्यंत बाहेर आला नाही. भुरी नावाची कुत्री दचकली, चार पावलं मागे सरली, थांबली, मग मान लांब करून भांडं हुंगायला आली. एरवीही शांत. भुंकणं नाही, ओढाओढ नाही. आम्हाला हवी होती तशीच. (हा "शांतपणा" पुढच्या नोंदींत महागात पडणार आहे.)

लगेच दत्तक न घेता आधी काही आठवडे सांभाळायला द्याल का, असं विचारलं. लगेच हो म्हणाल्या. सगळ्यांनी हे विचारावंच. दत्तक घ्यायला पैसे फारसे लागत नाहीत, खर्च पुढे आहे.

२२ जून : घरी आली

कुत्री सांभाळणारे लोक तीन-तीन-तीनचा ठोकताळा सांगतात. पहिले तीन दिवस भेदरलेली असते, तीन आठवड्यांत घराची रीत कळते, तीन महिन्यांत घर आपलं वाटू लागतं. अंदाजापुरता ठीक आहे.

भुरी आत आली, भिंतीच्या कडेकडेने एक चक्कर मारली आणि बैठकीच्या खोलीतल्या एका कोपऱ्यात जाऊन बसली. पाठीला भिंत, समोर दार. भावाची रोजची जागा. मी काही बोलणार तेवढ्यात त्याने उशी उचलली आणि समोरच्या भिंतीला जाऊन टेकला. "तिचंही बरोबर आहे, तिथून सगळं दिसतं," एवढंच म्हणाला.

घरात लावलेले नियम : कुणी हात लावायचा नाही, डोळ्यांत बघायचं नाही, जमिनीवर तिरकं बसायचं, यायचं तर ती येईल. जांभई, ओठ चाटणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, शेपूट पोटाखाली, यातलं काहीही दिसलं की आपण मागे सरकायचं. जांभई आली म्हणजे झोप आली असं नसतं, ती ताणाचीही असते. हे समजल्यावर भाऊ दिवसभर तिच्या जांभया टिपत बसला होता.

पाहुण्यांना काही दिवस येऊ नका म्हणून सांगितलं. दोन नातेवाईक रुसले. चालायचंच.

२७ जून : व्हेटकडे

साध्या तपासणीला गेलो आणि रक्ताचे रिपोर्ट घेऊन आलो. ताप आहे, प्लेटलेट्स खूप कमी, गोचीड ताप. एर्लिकिया नावाचा जंतू गोचिडीच्या चाव्यातून जातो आणि कुत्रं मलूल होतं. म्हणजे शेल्टरमध्ये आम्हाला भावलेला तो गुणी, शांत स्वभाव म्हणजे निम्मा आजारच होता.

उपचार साधा, डॉक्सिसायक्लिन, साधारण चार आठवडे. गोळी खाण्यासोबतच द्यायची, उपाशी पोटी दिली तर उलटी होते. लसी ताप उतरेपर्यंत पुढे ढकलल्या. लसी नाहीत म्हणून इतर कुत्री फिरतात तिथे जाणं नाही. फिरण्याचा सराव, ज्यासाठी हा सगळा खटाटोप, तोही पुढे. महिना गेला असं धरून चाला.

खर्चाचं नंतर जोडतेय. पुढच्या सहा महिन्यांत सगळ्यात जास्त पैसे रक्ताच्या तपासण्यांवर गेले. त्याखालोखाल ट्रेनर. बाकी किरकोळ. स्वभाव पाहून कुत्रं निवडणार असाल तर आधी रक्त तपासून घ्या, मग स्वभाव पाहा. उलट क्रमाने केलेल्या निवडीला अर्थ नाही.

९ जुलै : गोळ्यांची वेळ

अपेक्षा नव्हती अशी पहिली गोष्ट घडली. भुरीची गोळी सकाळी आणि संध्याकाळी ठरल्या वेळी द्यायची असते. भावाची रात्र मोडकी, त्यामुळे तो सकाळी उशिरापर्यंत पडून असायचा आणि मग पुढची रात्र आणखी मोडायची. आता तो सकाळच्या गोळीला उठतो. चिडचिडत उठतो, पण उठतो. "माझी गोळी चुकली तर माझं मी बघून घेईन, हिची चुकली तर ही काय करणार?" थेरपिस्ट वर्षभर उठण्याची एक वेळ ठरवा म्हणून सांगत होते. ते काम एका कुत्रीच्या गोळीने केलं, याचं त्यांनाही हसू आलं.

एक सावधगिरी. सोयीसाठी दोघांच्या गोळ्या एकाच डब्यात ठेवल्या होत्या. अर्धवट झोपेत कुणाची कुणाला जाईल याचा नेम नाही आणि माणसाची मनावरची औषधं कुत्र्याच्या पोटात जाणं धोक्याचं. आता डबे वेगळे, खोल्याही वेगळ्या.

३० जुलै : खरी भुरी

औषधाचा कोर्स संपला, ताप गेला, प्लेटलेट्स वर आल्या आणि आमच्या घरात वेगळीच कुत्री राहू लागली.

ही भुंकते. दारावर टकटक झाली की खिडक्या हलतील इतकं भुंकते. झाडू हातात घेतला की अंगाचा गोळा करून पलंगाखाली. हेल्मेट घातलेला माणूस दिसला की दातओठ खाऊन धावून जाते. कुणी काय केलं असेल तिला, याचा विचार आम्ही सोडून दिला. कळणार नाही आणि कळून उपयोगही नाही.

प्रत्येक भुंकण्याला भाऊ दचकतो. तो दचकला की ती आणखी भुंकते. या आठवड्यात तो जवळजवळ झोपलेला नाही. कपाटाच्या आतला कागद मी रोज उघडून वाचतेय. दुसऱ्या अटीची मुदत भरत आलीय.

आज त्याला सरळ विचारलं, परत करायची का? बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "ताई, ती बरी झाली म्हणून परत करायची?"

ट्रेनरला बोलावलंय. मारून, ओरडून, गळ्याला काटेरी पट्टा लावून शिकवणारे दोघे आधीच गाळले. भेदरलेल्या जनावराला आणखी भेदरवून काय साधणार?

८ ऑगस्ट : आवाजाचं काम

ट्रेनरने पहिल्याच दिवशी दारावरची घंटा काढून टाकायला लावली. येणाऱ्याने फोन करायचा. इतका साधा उपाय आम्हाला सुचला नव्हता. भुंकणं निम्म्यावर आलं आणि भाऊ दोन रात्री बऱ्यापैकी झोपला. दुसरी अट टळली.

मग खरं काम. घंटा, हॉर्न, ब्रेक यांची रेकॉर्डिंग फोनवर. आवाज इतका बारीक की तिचा कान नुसता वळावा, अंग ताठ होऊ नये. आवाज, लगेच खाऊ. आवाज, लगेच खाऊ. क्रम महत्त्वाचा, आधी आवाज, मग खाऊ. आमचं पहिले काही दिवस फसलं ते इथेच. खाऊ पिशवीत होता, पिशवी आवाजाच्या आधी चुरचुरायची आणि भुरी पिशवीचं गणित शिकत होती, हॉर्नचं नाही. खाऊ उघड्या वाटीत काढून फळीवर ठेवला तेव्हा गाडी पुढे सरकली.

भीती हद्दीबाहेर गेली हे ओळखायची खूण सोपी आहे. खाऊ पुढे केला आणि तिने घेतला नाही, की आवाज जास्त झाला. त्या दिवशी तिथेच थांबायचं आणि दुसऱ्या दिवशी खालच्या आवाजावरून सुरू करायचं. जोर करून पुढे नेलं की आठवड्याचं काम धुऊन जातं.

भाऊ हे सगळं बघत होता आणि एका संध्याकाळी म्हणाला, हे तर माझंच चाललंय. खरंच होतं. थेरपीत त्यालाही भीतीची शिडी करून दिलेली आहे, सगळ्यात सोपी पायरी खाली, अवघड वर, आणि प्रत्येक पायरीला 0 ते 100 मधला त्रासाचा आकडा द्यायचा. ही मोजपट्टी मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांची, 1960 च्या दशकातली, अजून सगळीकडे वापरतात. फरक इतकाच की भाऊ आकडा खोटा सांगतो. ब्रेकच्या रेकॉर्डिंगला "वीस" म्हणाला तेव्हा त्याच्या मुठीची बोटं पांढरी झाली होती. भुरीला खोटं सांगता येत नाही. एक तर खाते, नाही तर नाही.

तेव्हापासून वहीत दोन रकाने आहेत. भुरीचा त्याने भरायचा, त्याचा मी भरायचा, त्याच्या हातांकडे बघून. भांडण होतं, पण आकडे सुधारले. म्हणजे खरे झाले, आधीपेक्षा मोठे.

२४ ऑगस्ट : रात्र

ज्याने त्याने सांगितलं होतं, कुत्रं माणसाला वाईट स्वप्नातून जागं करतं. काही कुत्री करतात, ती त्यासाठी शिकवून तयार केलेली असतात. झोपेतली तडफड ही खूण, त्यावर पंजा लावायचा किंवा दिवा लावायचा, असं महिनोन्‌महिने घोटून घेतात आणि मुळात त्यासाठी निर्धास्त स्वभावाचं कुत्रं निवडतात.

आमच्याकडे काय झालं ते सांगते. भुरी त्याच्या खोलीत झोपली. पहाटे तो ओरडला. ती उठून दारावर आदळली, लादीवर मुतली आणि पुढे दोन दिवस त्या खोलीच्या उंबऱ्यालाही आली नाही. भावाला स्वप्नापेक्षा याचं जास्त लागलं. ट्रेनर स्पष्ट म्हणाली, ही कुत्री या कामाची नाही, तिच्याकडून हे मागू नका. शिवाय अर्धवट जागा झालेला माणूस हात-पाय झाडतो, ते तिला लागलं तर ती चावेल आणि मग चूक कुणाची ठरवणार?

आता व्यवस्था अशी. भुरीचं अंथरूण बाहेर बोळात. दार अर्धवट उघडं. खोलीत रात्रभर मंद दिवा, म्हणजे डोळे उघडताक्षणी आपण कुठे आहोत ते दिसतं. स्वप्न पडलं तर तिला हाक मारायची नाही. उठायचं, आजची तारीख मोठ्याने म्हणायची, बोळात जायचं आणि तिच्या भांड्यातलं पाणी बदलायचं. भांडं भरलेलं असलं तरी ओतून पुन्हा भरायचं. थंड पाणी, भांड्याचं वजन, नळाचा आवाज. तेवढ्यात ती डोळे किलकिले करून शेपूट जमिनीवर आपटते आणि परत झोपते. कुत्रं दिवसातले बारा-चौदा तास झोपतं, तिला फारसं काही वाटत नाही.

स्वप्नं कमी झालेली नाहीत. स्वप्नानंतर पुन्हा झोप लागायला पूर्वी उजाडायचं, आता तसं होत नाही. एवढाच फरक, पण दुसऱ्या दिवशी तो दिसतो.

१५ सप्टेंबर : रस्ता

लसी झाल्या, बाहेर फिरणं सुरू. आणि आजची नोंद वाचून मगच पुढचं काही करा.

वर्दळ नसलेली वेळ, रुंद पदपथ. भावाच्या हातात पट्टा, मी मागे. कोपऱ्यावर एका गाडीने करकचून ब्रेक मारला. भाऊ गोठला. नुसता थांबला नाही, तिथे नव्हताच. त्याच्या हातात पट्टा ताठ होता म्हणून भुरीला पुढे पळता आलं नाही, तर ती मागे मागे सरकत हार्नेसमधून, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्यांतून, निघायला लागली. घाबरलेलं कुत्रं उलटं चालून हार्नेसमधून सुटतं. एक पाय आणि डोकं बाहेर आलेलं मला दिसलं.

दोघांपैकी एकालाच धरता येणार होतं. मी भुरीला धरलं, गळपट्ट्याला. तिला पायांत दाबून उभी राहिले आणि भावाला तिथूनच त्याच्या नावाने हाक मारत राहिले. आज वार कोणता, तारीख काय, तू पदपथावर उभा आहेस, तुझ्या डाव्या हाताला कुंपण आहे, कुंपणाला हात लाव. त्याने लावला. मग भुरीकडे बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. "ती गेली असती."

कुत्रं आणि आजारी माणूस या जोडीबद्दल सगळीकडे लिहिलेलं असतं. दोघांच्या भीतीला एकाच क्षणी, एकाच आवाजाने तोंड फुटलं तर तिसरा माणूस कुठे उभा असावा, हे कुणी लिहीत नाही. दोन घाबरलेल्या जिवांनी एकमेकांना सांभाळावं ही अपेक्षा दोघांवरही अन्याय आहे. आपल्याकडे असा तिसरा माणूस आहे का, रोज, पहाटेही, हे शेल्टरला फोन करायच्या आधी ठरवा. नसेल तर एखादं निवांत, म्हातारं कुत्रं बघा. नाही तर सध्या नकोच.

त्या दिवसापासूनचे बदल. हार्नेस तीन पट्ट्यांचा, तिसरा पट्टा कंबरेपाशी, त्यातून मागे सरून सुटणं फार अवघड. दोन दोऱ्या, एक हार्नेसला त्याच्या हातात, दुसरी गळपट्ट्याला माझ्या हातात. गळपट्ट्यावर फोन नंबर. व्हेटकडून मायक्रोचिप. आणि रस्त्यापासून अंतर इतकं की गाड्या दिसतील, पण भुरी खाऊ खाईल. अंतर तिने ठरवायचं, भावाने नाही, मीही नाही.

२८ सप्टेंबर : गडगडाट

ढगांचा गडगडाट झाला की कुत्र्याला चुचकारू नका, भीती वाढते, असं अजून लोक सांगतात. भीती म्हणजे काही शिकवलेली करामत नव्हे की बक्षीस दिलं म्हणून ती वाढावी. जवळ बसा, खुशाल बसा.

भुरी न्हाणीघरात जाऊन थरथरत होती. भाऊ दाराशी जमिनीवर बसला. तिला धरलं नाही. हात लादीवर पालथा ठेवला, तिच्यापासून वीतभर अंतरावर, आणि तोंडाने सावकाश श्वास सोडत राहिला. बऱ्याच वेळाने तिने मान पुढे केली आणि हनुवटी त्याच्या मनगटावर ठेवली. थरथर मनगटातून त्याच्या कोपरापर्यंत येताना मला दिसत होती. तो हलला नाही. पाऊस थांबला तरी दोघं तिथेच, शेवटी त्याचा हात बधिर झाला म्हणून उठला.

तो स्वतः मोठ्या आवाजाला काय करतो हे मला माहीत आहे. आज त्याचा रकाना भरायला मी वही काढली आणि तशीच मिटली.

११ ऑक्टोबर : हनुवटी

ती हनुवटी ट्रेनरने उचलून धरली. उघडा तळवा पुढे केला की हनुवटी टेकवायची, टेकवली की खाऊ, मग हळूहळू जास्त वेळ. व्हेटकडे तपासायलाही याचा उपयोग होतो. गोडी अशी की कुत्रीने डोकं उचललं की तिचा नकार कळतो, जबरदस्ती होत नाही.

भाऊ आता हे उलट्या बाजूने वापरतो. छातीत धडधडायला लागलं की बसतो, तळवा मांडीवर उघडा ठेवतो. ती आली तर आली. हनुवटीचं वजन, गरम श्वास, ओलं नाक. लक्ष शरीराबाहेर जाणाऱ्या विचारांवरून हातावर येतं. कधी कधी ती तळवा उघडायच्या आधीच येऊन उभी राहते. 2022 मध्ये बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की शिकवलेली कुत्री एकाच माणसाचा ताणाआधीचा आणि ताणानंतरचा घाम-श्वास वासावरून ओळखतात, शंभरात जवळजवळ 94 वेळा. भुरीला कुणी शिकवलेलं नाही. ती वासावर येते की खाऊवर, देव जाणे. खाऊची वाटी कुठे आहे ते तिला पक्कं ठाऊक असतं.

५ नोव्हेंबर : थेरपिस्टची कात्री

भाऊ कोपऱ्यापर्यंत जातो, चौक ओलांडतो, बाकावर बसून गाड्या बघतो. मी फुलून सांगायला गेले. थेरपिस्टनी विचारलं, भुरीशिवाय कुठे जातो?

कुठेच नाही.

भुरी त्याचा ताईत झाली होती. ती सोबत आहे म्हणून काही झालं नाही, असं त्याचं डोकं शिकत होतं. शिकायचं होतं ते वेगळं, चौक ओलांडला तरी काही होत नाही. तेव्हा आता शिडीची प्रत्येक पायरी एकदा भुरीसोबत आणि मग तिच्याशिवाय.

घरी येऊन माझ्यावर उखडला. "ताई, तिला घेऊन जमतंय तर मध्येच मोडता कशाला घालतेस?" चार दिवस अबोला. मग भुरीनेच कोडं सोडवलं. तो न्हाणीघरात गेला तरी ती दाराबाहेर कुईकुई करायला लागली होती, एकदा दाराची चौकट ओरबाडली. ट्रेनरने सांगितलं, तिला त्याच्याशिवाय राहायची सवय लावा, नाही तर पुढे अवघड जाईल. म्हणजे त्याने बाहेर पडायलाच हवं, तिच्यासाठी. दोघांचा सराव एकाच फेरीत. तो फाटकापर्यंत, ती माझ्यापाशी. मग कोपऱ्यापर्यंत. आल्यावर गाजावाजा नाही, सरळ पाणी प्यायचं आणि वहीत लिहायचं.

याच सुमाराला एक नातेवाईक म्हणाले, कुत्रं आणलंय ना, आता गोळ्या बंद करा. त्यांना सांगितलं ते इथेही लिहिते. 2018 मध्ये पर्ड्यू विद्यापीठातल्या अभ्यासात पीटीएसडी असलेले 141 आजी-माजी सैनिक होते, 75 जणांकडे शिकवलेली सेवा-कुत्री, 66 जण प्रतीक्षा यादीत. कुत्री मिळालेल्यांची लक्षणं ठळकपणे घटली, पण सरासरीने निदानाच्या रेषेखाली गेली नाहीत. ती सगळी तयार कुत्री होती आणि त्यांचे नेहमीचे उपचारही चालूच होते. आमची भुरी झाडूला घाबरते. गोळ्या चालू आहेत.

१९ डिसेंबर : वाईट आठवडा

अपघाताची तारीख जवळ आली. थेरपिस्टनी आधीच बजावलं होतं, वर्षाच्या त्या दिवसांत सगळं उसळून वर येतं. आलं. भाऊ खोलीबाहेर पडला नाही, भुरीच्या सकाळच्या गोळीची वेळ आता नाही म्हणून उठायचं कारणही नाही. भुरीला जुलाब लागले. व्हेटने तपासलं, पोटात काही सापडलं नाही, ताण असावा म्हणाले. 2019 मध्ये स्वीडनच्या लिंशॉपिंग विद्यापीठात 58 कुत्री आणि त्यांचे मालक यांच्या केसांतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणात वाढणारं संप्रेरक, मोजलं होतं. दीर्घकाळच्या ताणाची पातळी जोडीजोडीने जुळली. भुरीकडे बघून मला ते लगेच पटलं.

इथे पुन्हा तिसरा माणूस. फिरवणं, खाणं, झोपायची जागा, सगळं मी घेतलं आणि भुरी काही रात्री माझ्या खोलीत झोपली. भावाला अपराधी वाटलं. त्याला म्हटलं, हे ठरलेलंच आहे, तुझं चालेनासं झालं तर काम माझं. त्याच्याकडे एकच काम ठेवलं, रात्री पाण्याचं भांडं बदलणं. दोन रात्री तेही झालं नाही. तिसऱ्या रात्री नळाचा आवाज आला.

माझ्याही तब्येतीचं लिहून ठेवते, कारण ते कुणी विचारत नाही. दोघांचं करता करता माझे नाकी नऊ आले. आता आठवड्यातून एक दिवस शेजारची ओळखीची मुलगी भुरीला नेते. हे आधीच करायला हवं होतं. एक तिसरा माणूस पुरत नाही, त्याला बदली लागतो.

२२ फेब्रुवारी : सध्या

भुरी कायमची आमची, कागदावर सही झाली. प्लेटलेट्स चांगल्या आहेत, गोचिडींचं औषध दर महिन्याला. हेल्मेटवाल्यावर भुंकते, पण दुरून, आणि हाक मारली की वळते. झाडूचं काही जमलं नाही. ती बाहेर असताना झाडून घेतो, विषय संपला. प्रत्येक भीतीवर मेहनत घ्यायची गरज नसते.

भाऊ भुरीशिवाय चौकापर्यंत जातो, गर्दीच्या वेळी नाही. उठण्याची वेळ डिसेंबरनंतर पुन्हा बसली, या खेपेला फिरायला नेण्याच्या निमित्ताने. दुसरी दोरी अजून माझ्या हातात असते.

गाडीचं काम दोघांचंही बाकी. भुरीला गाडीत लाळ गळते, उलटी होते. भाऊ अपघातानंतर मागच्या सीटवरही बसलेला नाही, व्हेटकडेही आम्ही चालत जातो. गेल्या आठवड्यापासून बंद गाडी, चारही दारं उघडी, किल्ली माझ्या खिशात. भुरी मागच्या सीटवर खाऊ शोधते आणि भाऊ दाराच्या चौकटीवर, पाय बाहेर ठेवून बसतो. दोन्ही रकाने भरतोय. त्याचा आकडा चाळीसच्या खाली आणि तिने पडलेला प्रत्येक तुकडा खाल्ला, असं सलग आठवडाभर झालं की एक दार लावायचं. कोणतं, हे तो ठरवणार.